गिअरबॉक्सआडचं बेअरिंग

६२०४. बेअरिंगच्या दुकानात एवढा आकडा उच्चारला की दुकानदार मान वर न करता मागच्या फळीवरून डबी काढतो. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर असो की तालुक्याच्या गावी, हे माप सगळ्यांच्या ओळखीचं. आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, जाडी १४. पाण्याच्या पंपात आणि वॉशिंग मशीनमध्ये ते मुकाट्याने फिरत असतं. याच मापाच्या एका बेअरिंगने पोर्शे कंपनीला अमेरिकेतल्या न्यायालयात खेचलं, आणि कितीतरी गाडीमालकांना सुटीच्या दिवशी स्वतःच्या गाडीखाली झोपायला लावलं.

गोष्ट सुरू होते ती गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात. पोर्शेचा व्यवसाय तेव्हा चांगलाच अडचणीत होता. खर्चाला कात्री लावण्यासाठी कंपनीने जपानी सल्लागार आणून कारखान्यात फिरवले. १९९६ मध्ये बॉक्स्टर आली, पाठोपाठ १९९७ मध्ये नवी ९११. दोन्ही गाड्यांना एकाच घराण्यातलं इंजिन, आणि तेही पाण्याने थंड होणारं. तोवरची प्रत्येक ९११ हवेवर थंड होत असे, त्यामुळे जुने भक्त आधीच नाराज होते. बेअरिंगचं प्रकरण त्यांना नंतर कळलं.

या इंजिनात सहा सिलिंडर आडवे असतात, तीन या बाजूला आणि तीन त्या बाजूला. व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या कॅमशाफ्टना क्रँककडून थेट गती मिळत नाही. क्रँकच्या खाली आणखी एक शाफ्ट असतो. क्रँक त्याला साखळीने फिरवतो आणि तो दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टना साखळ्यांनी फिरवतो. या मधल्या शाफ्टचं एक टोक तेलाच्या दाबावर तरंगत फिरतं. दुसरं, फ्लायव्हीलकडचं टोक मात्र बॉल बेअरिंगवर बसवलेलं असतं. सुरुवातीच्या गाड्यांत या बेअरिंगला गोळ्यांच्या दोन ओळी होत्या. २००० च्या सुमारास त्या जागी एकाच ओळीचं बेअरिंग आलं, तेच हे ६२०४.

बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबरी सीलने बंद केलेलं आणि आत कारखान्यातच ग्रीस भरलेलं. कागदावर सोय उत्तम, कारण देखभालीची कटकटच नाही. प्रत्यक्षात गरम इंजिन तेल सीलमधून थोडंथोडं आत झिरपतं आणि ग्रीस पातळ करून टाकतं. ग्रीस संपतं, आणि ताजं तेल पुरेसं आत यावं तर सील आडवं येतं. गोळ्या कोरड्या पडून झिजतात, शाफ्ट डुगडुगतो, साखळी दातांवरून सरकते आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. मग दुरुस्तीची भाषा संपते, नव्या इंजिनाची सुरू होते.

गंमत म्हणजे जुन्या हवेवरच्या इंजिनांत हाच शाफ्ट तेलाच्या दाबावर चालणाऱ्या साध्या शेल बेअरिंगवर फिरायचा. त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी-३ मध्येही तसाच. म्हणजे उत्तर कारखान्यात होतंच, फक्त ते या इंजिनात घेतलं नाही.

अमेरिकेतल्या खटल्यात २०१३ मध्ये तडजोड झाली. ती होती २००१ ते २००५ या वर्षांतल्या गाड्यांसाठी. या खटल्याच्या संदर्भात नेहमी सांगितले जाणारे आकडे असे : एका ओळीची बेअरिंगं शंभरात सुमारे आठ निकामी झाली, दोन ओळींची जेमतेम एक. तेव्हा शंभरातल्या बहुतेकांचं काहीच बिघडलं नाही, हेही खरं. पण ज्याचं बिघडलं त्याचं अख्खं इंजिन गेलं, म्हणून धास्ती सगळ्यांनाच.

म्हणून काही मालक हे बेअरिंग आधीच, घरच्या घरी बदलतात. त्यांच्या हाती पहिल्यांदा पाना नसतो, कात्री असते. तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडायच्या आणि त्यात धातूची चमकी सापडते का ते पाहायचं. मग तळाचं तेलाचं भांडं उतरवून तिथला गाळ तपासायचा. कण सापडले तर नवं बेअरिंग बसवण्यात अर्थ नाही, कारण चुरा एव्हाना सगळ्या इंजिनभर फिरलेला असतो. या टप्प्यावर थांबता येणं हेच या कामातलं खरं कसब. नवं बेअरिंग विकत आणून ठेवलेल्या माणसाला ते फार जड जातं!

कण नसतील तर गाडी चारही बाजूंनी जॅक स्टँडवर उचलायची. चाकांकडे जाणारे ॲक्सल सोडायचे, मग गिअरबॉक्स. त्याचे वरचे बोल्ट हाताला लागतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यानंतर क्लच, फ्लायव्हील, आणि तेव्हा कुठे तीन बोल्टांचं एक छोटं झाकण समोर येतं. ते लगेच उघडायचं नाही. आधी इंजिन टॉपला आणून क्रँक पुलीत पिन घालायची, कॅमशाफ्ट जागच्या जागी जखडायचे, मगच साखळ्यांचे टेन्शनर ढिले करायचे. इथे एक दात इकडेतिकडे झाला तर ज्या अपघाताची भीती होती तोच आपल्या हाताने घडवला असं होतं.

बेअरिंग ओढून काढायला खास पुलर लागतो आणि नवं दाबून बसवायला खास साधन. हातोडी इथे वर्ज्य, कारण ठोका गोळ्यांमधून जातो आणि रिंगवर खड्डे पाडतो. नवं बेअरिंग बहुधा सिरॅमिक गोळ्यांचं घेतात आणि एका बाजूचं सील काढून तेलाला वाट देतात. झाकणाचे बोल्ट अवघ्या १० न्यूटन-मीटरला आवळायचे. फ्लायव्हीलचे बोल्ट मात्र जुने वापरायचे नाहीत. एवढं उघडलंच आहे तर क्रँकचं मागचं तेलसील आणि क्लचप्लेटही त्याच खेपेला बदलतात.

२००६ पासून कंपनीने मोठं बेअरिंग दिलं. ते जास्त टिकतं, पण झाकणाच्या भोकापेक्षा मोठं असल्यामुळे इंजिनाची दोन शकलं केल्याशिवाय बाहेर येत नाही. त्या गाड्यांचे मालक झाकण काढतात, बाहेरचं सील अलगद उचकटतात आणि झाकण परत लावतात. २००९ च्या नव्या इंजिनातून कंपनीने तो शाफ्टच काढून टाकला.

जुन्या बॉक्स्टरच्या बाजारात मात्र आजही गिऱ्हाईक रंगाआधी या बेअरिंगची चौकशी करतं आणि बिल मागतं. घरी काम केलेल्याकडे मजुरीचं बिल कुठून असणार? म्हणून असे मालक प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवतात, सुट्या भागांच्या पावत्या जपतात, आणि काढलेलं जुनं बेअरिंग तारखेची चिठ्ठी लावून गाडीच्या कागदपत्रांसोबतच विकतात.