कोडे, अंदाज आणि अनुमान
(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



बक्षीस समारंभात पाहुण्यांनी उपदेश करावा, अशी रीत आहे. मी उपदेशाऐवजी दोन कोडी घेऊन आलो आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी असते. पुढे बँकांच्या आणि सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षांतही तर्कावर प्रश्न येतात. त्यांच्यापुढे पुष्कळ मुले बिचकतात. "त्याचे डोके यात चालत नाही," असे घरचे म्हणतात, आणि मूल ते खरे मानून बसते. हा निवाडा बरोबर आहे काय, एवढेच आज पाहावयाचे आहे.

पहिले कोडे असे. तीन बंद पेट्या आहेत. एकीत फक्त आंबे, दुसरीत फक्त चिकू आणि तिसरीत दोन्ही मिसळलेले. पेट्यांवर 'आंबे', 'चिकू' आणि 'मिश्र' अशा चिठ्ठ्या आहेत. पण तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या आहेत. एकाच पेटीतून, आत न पाहता, एकच फळ काढावयाचे आणि तिन्ही पेट्या ओळखावयाच्या. कोणत्या पेटीत हात घालाल?

समजा, 'आंबे' लिहिलेल्या पेटीत हात घातला आणि चिकू निघाला. ती पेटी चिकूंचीही असू शकेल, मिश्रही असू शकेल. आपण अडलो. आता 'मिश्र' या पेटीकडे या. चिठ्ठी चुकीची, म्हणजे ती मिश्र नाहीच; तिच्यात एकाच जातीची फळे आहेत. तिच्यातून आंबा निघाला, तर ती आंब्यांची. मग 'चिकू' लिहिलेली पेटी चिकूंची नाही आणि आंब्यांचीही नाही, म्हणून ती मिश्र. उरलेली 'आंबे' लिहिलेली पेटी चिकूंची. चिकू निघाला असता, तर हाच विचार उलट बाजूने करावयाचा. येथे अंदाज कोठेही केलेला नाही. जे संभवत नाही ते खोडत गेलो आणि जे उरले ते उत्तर. दिलेली माहिती खरी मानली की निष्कर्ष खरा असलाच पाहिजे, अशा अनुमानाला तर्कशास्त्रात निगमन म्हणतात.

दुसरे कोडे पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडले. मी त्यात मराठी अक्षरे घालून सांगतो. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक आहे. आपल्याला दिसतात अ, क, ४ आणि ७. नियम असा सांगितला आहे : एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. हा नियम खरा की खोटा हे ठरविण्यासाठी कोणते पत्ते उलटलेच पाहिजेत?

बहुतेक लोक 'अ' आणि '४' सांगतात. 'अ' बरोबर आहे. पण '४' उलटून काय मिळणार? मागे स्वर असो वा व्यंजन, नियम मोडत नाही. '७' च्या मागे मात्र स्वर निघाला, तर नियम तेथेच कोसळतो. म्हणून उत्तर 'अ' आणि '७'. वेसनच्या प्रयोगात दहांपैकी एकालाही हे उत्तर धड देता आले नाही, आणि ही सारी शिकलेली माणसे होती.

आता पुढची गोष्ट नीट ऐका. १९८२ साली अमेरिकेतील ग्रिग्ज आणि कॉक्स या संशोधकांनी हेच कोडे मद्य पिण्याच्या वयाच्या कायद्याच्या रूपात विद्यार्थ्यांना घातले. तेव्हा चारांपैकी जवळजवळ तिघांनी बरोबर उत्तर दिले. आपण मतदानाचे उदाहरण घेऊ. नियम : मत देणाऱ्याचे वय १८ पूर्ण असले पाहिजे. चार माणसे आहेत. एक मत देतो आहे, एक देत नाही, एक ४० वर्षांचा आहे, एक १६ वर्षांचा. कोणाची चौकशी कराल? मत देणाऱ्याचे वय विचाराल आणि सोळा वर्षांचा मुलगा मत देतो आहे काय हे पाहाल. चाळीस वर्षांच्या गृहस्थाला कोणी हटकणार नाही. मघाशी '४' उलटावासा वाटला. तसाच हा गृहस्थ!

यावरून काय दिसते? कोड्याचा सांगाडा तोच, सोडविणाराही सामान्य माणूसच. फक्त वेष ओळखीचा झाला. म्हणून "डोके चालत नाही" हा निवाडा घाईचा आहे. डोके चालते, अनोळखी वेषात तोच विचार ओळखावयाचा सराव मात्र नसतो.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, उत्तराबरोबर कारणही विचारावे. "कशावरून?" आणि "हे खोटे ठरायचे तर काय दिसावे लागेल?" हे दोन प्रश्न वर्गात रोज यावेत. विद्यार्थी मित्रांनो, दिलेली माहिती कागदावर मांडा, तक्ता करा, अशक्य ते खोडा. घाईने पर्याय निवडू नका.

ही सवय परीक्षेपुरती नाही. मोबाईलवर एखाद्या गावाविषयी, एखाद्या समाजाविषयी वाईट बातमी येते. आपल्या मताला जुळणारी चार उदाहरणे आपण लगेच गोळा करतो. म्हणजे '४' चाच पत्ता पुन्हा पुन्हा उलटतो. '७' चा पत्ता उलटावयास थोडे धैर्य लागते, कारण त्यात आपलेच मत मोडण्याचा संभव असतो. ते धैर्य या शाळेतून प्रत्येक मुलामुलीला मिळो, अशी इच्छा व्यक्त करून मी माझे भाषण संपवितो.