परक्या दारात, परक्या भाषेत

(शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला फोन करून सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी म्हटलं, त्यावर तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर रोज दहा निरोप येत असतील, अकरावा मी कशाला देऊ? मला बोलायचंय ते ऐन विशीच्या आत घर सोडून परक्या देशात जाणाऱ्या, तिथली भाषा शिकून अनोळखी दारं वाजवणाऱ्या मुलामुलींबद्दल. विषय आडवाटेचा वाटेल, पण शेवटी माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. तेवढं ऐकून घ्या.

काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी अमेरिकेत यूटा राज्यात दीड वर्ष राहिले. आमच्या गटात नऊ जण. एकाला अस्खलित पोर्तुगीज यायची, एकाला कोरियन, तर एक जण दुपारच्या जेवणाला फिलिपिन्सच्या सहकाऱ्याशी त्याच्या भाषेत थट्टामस्करी करायचा. सगळे तिथल्याच छोट्या गावांत वाढलेले. मला नवल वाटलं. मग कळलं की ही मंडळी मॉर्मन पंथाची. हा पंथ जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. आज त्याचं मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत आहे. त्यांच्यातले पुष्कळ तरुण धर्मप्रचाराला जातात. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नाही, वरून कळवलं जातं. पगार नाही. उलट खर्चाची तजवीज आपण किंवा आपल्या घरच्यांनी करायची.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण तैवानला जाऊन आली होती. तिच्याकडून मी तिथला दिवस समजून घेतला. साधारण दोन महिने चिनी भाषेचं शिक्षण घ्यायचं आणि थेट विमानात बसायचं. तिथे सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, नाश्ता, मग धर्मग्रंथाचं वाचन आणि भाषेचा अभ्यास. त्यानंतर सायकल काढून बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला परत, साडेदहाला दिवा बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही, प्रेमप्रकरण तर नाहीच. कायम दोघी-दोघींनी राहायचं. जोडीदारीण नेमून दिलेली असते, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बदलते. न्हाणीघर सोडलं तर एकटं राहायचं नाही. जिच्याशी पटत नाही तिच्यासोबतही चोवीस तास काढायचे. आपल्या वर्गात बाक बदलून दिला तरी आपण किती भांडायचो ते आठवा.

आठवड्यातून एक दिवस थोडा मोकळा. त्यात कपडे धुवायचे, वाणसामान आणायचं आणि घरी पत्र लिहायचं. तिच्या वेळी घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. दर आठवड्याला घरच्यांशी बोलायची मुभा मिळाली ती २०१९ मध्ये.

मी तिला विचारलं, "दिवसाला किती दारं उघडायची?" ती म्हणाली, "आम्ही मोजायचं नाही असं ठरवलं होतं." आणि जी दारं उघडायची तिथली पहिली अडचण म्हणजे चहा. तैवानमध्ये पाहुण्यापुढे चहा ठेवतात आणि या पंथात चहा-कॉफी वर्ज्य. त्यामुळे समोरच्याचं मन न दुखावता चहाला नको म्हणायचं वाक्य ती सगळ्यात आधी नीट शिकली. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाने चहा नाकारला तर आपली आई काय म्हणाली असती, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती खूप हसली.

ती तिथे दर आठवड्याला फुकट इंग्रजी शिकवायची. हे प्रचारक पुष्कळ देशांत असे वर्ग घेतात. तिच्या वर्गाला येणाऱ्या बहुतेकांना तिच्या धर्माशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांत एक आजी होत्या. चिनीत सूर चुकला की शब्दाचा अर्थच पालटतो. आजी हिला थांबवून पाच-पाच वेळा एकच शब्द म्हणायला लावायच्या. दीड वर्षात आजींनी धर्म बदलला नाही, हिचे उच्चार मात्र सुधारले.

तुमच्या मनातला प्रश्न मला ठाऊक आहे. मला त्यांचा धर्म पटला का? नाही. तिने एकदा विचारलं, मी नको म्हटलं, पुन्हा विषय निघाला नाही. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहून "तुझा देव सोड, माझा घे" म्हणणं मला आजही खटकतं. हे मी तिच्या तोंडावर सांगितलं. तिने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "शिकवायला म्हणून गेले आणि दीड वर्ष मीच विद्यार्थिनी होते. माणसाशी त्याच्या भाषेत बोलायला लागलं की तो आपल्याला वेगळा दिसतो."

तिचं हे बोलणं डोक्यात राहिलं आणि इथे परत आल्यावर मी जुनी पुस्तकं चाळली. कळलं की याच पंथाचे ह्यू फिंडले नावाचे एक स्कॉटिश प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरले होते. मग ते पुण्याला गेले. तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना छावणीच्या हद्दीत राहू दिलं नाही, तेव्हा त्यांनी एतद्देशीय वस्तीत बिऱ्हाड केलं. १८५५ मध्ये त्यांनी खास मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिका काढली. हाती लागली ती मोजकीच माणसं, आणि त्याच वर्षी ते परतले.

याच्या आधीचं उदाहरण तर आपल्या मरोळचंच आहे. सीप्झच्या कुंपणाच्या आत एका चर्चचे अवशेष आहेत. पोर्तुगीज जेझुइटांनी ते १५७९ साली बांधलं. १८४० मध्ये साथ आली, वस्ती उठली आणि चर्च मरोळला हललं. त्याच १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट गोव्यात आले. ते इथल्या भाषा शिकले आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' त्यांनी मराठीत लिहिलं. ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. अमेरिकेच्या सिंथिया फरार १८२७ च्या डिसेंबरात मुंबईत आल्या, अविवाहित. त्यांनी मुंबईत आणि मग अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांची नगरची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. मिस फरार १८६२ मध्ये नगरलाच वारल्या.

यांचे हेतू आपल्याला पटोत न पटोत. परकी भाषा शिकायला त्यांना वेळ काढावा लागला आणि इथल्या कुणीतरी त्यांना ती शिकवली, एवढं तर खरं. शिकवणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं कुठे राहिली नाहीत.

आता आपल्याकडे येते. आपण सगळे मराठी माध्यमाचे. दहावीनंतर आपल्यापैकी अनेकांनी परका देश पाहिला तो याच मुंबईत, कॉलेजच्या वर्गात. मला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत उत्तर येत असायचं, पण इंग्रजी वाक्य जुळेपर्यंत परीक्षक पुढच्या प्रश्नावर गेलेले असायचे. वर्गातली एक मुलगी रोज ट्रेनमध्ये अंधेरीपर्यंत माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलायची. हसायची नाही. चुकलं की नीट वाक्य सांगायची आणि पुढे बोलायला लागायची. चार महिन्यांत माझी जीभ सुटली.

आजच्या मरोळ नाक्यावर संध्याकाळी उभे राहा. मेट्रोच्या दोन मार्गिका तिथे मिळतात. केरळच्या परिचारिका, ओडिशाचे सुरक्षारक्षक, बिहारचे रिक्षावाले, सीप्झमध्ये कामाला येणारी देशभरची पोरं तिथून जातात. त्यांना मराठी येत नाही म्हणून आपण कुरकुरतो. काही जण अंगावर धावून जातात, त्याचे व्हिडिओ फिरतात. पण तुमच्या ओळखीतल्या किती जणांनी त्यांच्यापैकी कुणाला बसवून मराठी शिकवली? आपल्या सोसायटीचा रखवालदार सहा वर्षं इथे आहे, त्याला "थोडं थांबा" आणि "लिफ्ट बंद आहे" यापलीकडचं वाक्य कुणी दिलं?

तर माझं मागणं हे. दर शनिवारी संध्याकाळी एक तास, आपल्याच शाळेच्या एका वर्गात, बोलायच्या मराठीचा फुकट वर्ग. धर्म नाही, राजकारण नाही, फी नाही. त्या मुलींसारखं आपणही दोघा-दोघांनी शिकवायचं, म्हणजे एकाला अडचण आली तरी वर्ग बुडणार नाही. व्याकरणाने सुरुवात नको. भाजीवाल्याकडे, दवाखान्यात, बसमध्ये, मुलाच्या शाळेत काय बोलावं लागतं तिथून सुरू करू. वर्गाची खोली मिळेल, मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालंय. व्याकरण तपासायला आपल्या मराठीच्या बाई आहेतच. त्यांनी हो म्हटलंय, आणि आपलंही तपासणार असं बजावलंय.

आठ जणांनी नावं दिली तर महिन्यातून एकेकाच्या वाट्याला एकच शनिवार येतो. ज्यांची मुलं परदेशी शिकतायत त्यांनी आधी द्यावीत. तिकडे तुमच्या मुलांना कुणीतरी शिकवतंच आहे ना!

वही चहाच्या टेबलाशी ठेवली आहे. माझं नाव पहिल्या ओळीत लिहिलंय, त्याच्यासमोर जोडीदाराची जागा मोकळी आहे.