शेवाळातील जीव आणि शीतसाखळीचा प्रश्न



क्षयरोगावरील बीसीजी लस म्हणजे दुर्बल केलेले, परंतु जिवंत जिवाणू. वाळवून कुपीत भरलेल्या या जिवाणूंना उष्णता सोसत नाही. म्हणून कारखान्यापासून डोंगरातील पाड्यापर्यंत शीतसाखळी अखंड राखावी लागते. ती तुटली, की लस निष्प्रभ होते. जिवाणूलाच शुष्कता सोसण्याचे बळ देता येईल काय? या प्रश्नाच्या उत्तराची दिशा शेवाळात राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाने दाखविली आहे.

टार्डिग्रेड, म्हणजेच जलअस्वल, हा एक मिलिमीटरहून लहान, आठ पायांचा प्राणी. जर्मन धर्मोपदेशक गोत्झे यांनी १७७३ मध्ये त्याचे वर्णन केले. पाणी आटताच तो आक्रसतो, त्याचे जीवनव्यापार जवळजवळ थांबतात. पाणी मिळताच तो पुन्हा चालू लागतो. अंटार्क्टिकात १९८३ मध्ये गोळा केलेल्या शेवाळातील जलअस्वले तर तीस वर्षे गोठलेली राहूनही जपानी प्रयोगशाळेत पुन्हा सचेतन झाली.

काही जीव ट्रेहॅलोज नावाच्या शर्करेच्या आधारे शुष्कता सोसतात. जलअस्वलांत ती अत्यल्प असते, किंवा नसतेच. मग रहस्य कशात? २०१७ मध्ये अमेरिकेतील थॉमस बूथबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विशिष्ट प्रथिनांत असल्याचे दाखविले. पाण्यात या प्रथिनांना निश्चित आकार नसतो; पाणी आटू लागताच ती काचेसारखी घट्ट होऊन पेशीतील नाजूक घटकांना जागच्या जागी सांभाळतात, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. पाणी येताच ती पुन्हा विरघळतात. त्यांची जनुके यीस्टमध्ये व जिवाणूंमध्ये घातली, तेव्हा वाळविल्यानंतर जगणाऱ्या पेशींचे प्रमाण लक्षणीय वाढले. यीस्टमध्ये ही वाढ सुमारे शंभरपट होती. पुढे २०२३ मध्ये रक्त गोठविणारा ‘घटक आठ’ हा नाजूक पदार्थही अशा प्रथिनांच्या साहाय्याने शीतकपाटाविना कोरड्या स्थितीत टिकविता आला.

मात्र हर्षाबरोबर सावधपणाही हवा. हे यश अद्याप प्रयोगशाळेपुरते आहे. शिवाय जी सहनशीलता लसीतील जिवाणूला तारील, तीच रोगजंतूच्या हाती लागल्यास घातक ठरेल. म्हणून असे जिवाणू बाहेर सोडण्यापूर्वी कठोर जैवसुरक्षा-चाचण्या अनिवार्य होत.

ही मर्यादा पाळून संशोधन सिद्धीस गेले, तर जेथे वीज पोहोचत नाही, तेथील बालकापर्यंतही लस जिवंत पोहोचेल. शेवाळातील त्या नगण्य जीवाचे मोल तेव्हा खऱ्या अर्थाने कळेल.