जोडणी कोणाच्या हक्काची?

मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ सालचा, परकीय राजवटीतला. तरीही आपली मोरी पालिकेच्या मलवाहिनीस जोडण्याचा अधिकार त्याने एकट्या मालकाला दिला नाही. ‘मालक अथवा भोगवटादार’ असे त्याचे शब्द आहेत. अट आयुक्तांच्या लेखी परवानगीची, आणि सारी मेख तिथेच आहे. जमिनीचा उतारा, मंजूर नकाशा हे कागद मालकाच्या कपाटात असतात, भाडेकरूच्या वा झोपडीवासीयाच्या हाती नसतात. कायद्याने दिलेले खिडकीवर हिरावले जाते.

मग मैलाटाकी उरते, आणि ती उपसण्यास माणूस उतरतो. त्याची जात सांगावयास नकोच. संरक्षक साधनांविना असे काम करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले; ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. भरपाई वाढली, उतरणे थांबले नाही.

अनधिकृत झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले. पाणी आत आले की सांडपाणी बाहेर जाणारच. तेव्हा वॉर्ड कचेरीवर मोर्चा नेताना कार्यकर्त्यांनी नळाबरोबर जोडणीचेही अर्ज भरून घ्यावेत; त्यांवर ‘भोगवटादार’ हाच शब्द लिहावा, आणि नकार आल्यास तो कारणासह लेखी मागावा.