'नाही' आणि 'न्हाई'

आजचा विषय लिहिण्याचा आहे, पण 'लेखक कसं व्हावं' हा नाही. ते सांगणारे भरपूर आहेत. मला एकाच अडचणीबद्दल बोलायचंय. कथेतला माणूस जसा बोलतो, तसा तो कागदावर उतरवायचा कसा?

दिवसभर मी कोड लिहितो. कथा लिहितो सकाळी हिंजवडीला जाताना, कंपनीच्या बसमध्ये, फोनवर. मिळतात चाळीसेक मिनिटं. येताना डोकं संपलेलं असतं, त्यामुळे तो वेळ धरूच नका. आता गंमत बघा. फोनवर मी 'न्हाई' टाइप केलं की कीबोर्ड वर 'नाही' सुचवतो. 'तवर' म्हटलं की 'तर'. त्याचा काही दोष नाही, सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द पुढे करणं हेच त्याचं काम. पण मला हवा असतो त्या एका माणसाचा शब्द. शेवटी मी असे शब्द पर्सनल डिक्शनरीत भरून टाकले. आता मॅनेजरला मेसेज करतानाही 'न्हाई' वर येतं, ते जाऊ दे.

कीबोर्डचं निभतं हो. खरी गाठ पडते ती छापताना.

गेल्या वर्षी मी एका दिवाळी अंकाला कथा दिली. सातारा जिल्ह्यातला एक म्हातारा रात्री रानात मोटर सुरू व्हायची वाट बघत बसलाय, सोबत पुण्याहून आलेला मुलगा. म्हातारा म्हणतो, "लाइट आली न्हाई, तवर पाणी कसं सोडू?" प्रूफ आलं, त्यात होतं, "वीज आली नाही, तोपर्यंत पाणी कसे सोडू?" अहो, आमच्याकडे वीज पडते. येते ती लाइट!

पण माझं दुखणं तेवढंच नव्हतं. कथाभर मुलगा पुण्याचं 'नाही' बोलतो. शेवटच्या पानावर बापाशी भांडताना त्याच्या तोंडून 'न्हाई' निघतं आणि दोघंही गप्प होतात. कथा म्हणजे एवढंच आहे. दोघांनी पहिल्यापासून 'नाही' म्हटलं, तर त्या पानावर काही घडतच नाही. नुसती लाइट गेलेली दोन माणसं उरतात.

फोन केला. संपादकांचं म्हणणं असं की बोली जास्त झाली की वाचक अडखळतो. हे चूक नाही बरं का. मी स्वतः काही कथा दोन पानांत सोडल्यात, कारण प्रत्येक शब्द उच्चारासारखा लिहायचा हट्ट. डोळा शब्दावरच अडकतो, माणूस दिसतच नाही.

आपल्याकडे यावर मोठं काम होऊन गेलंय. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या, १९५५ची. सांगणारा मास्तर साध्या प्रमाण मराठीत सांगतो आणि धनगर बोलायला लागले की माणदेश ऐकू येतो. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसं बोलतात ती वऱ्हाडीत. आणि १९७१ साली आनंद यादवांनी 'गोतावळा' अख्खी नारबाच्याच बोलीत सांगितली, निवेदनासकट. सुरुवातीची पानं हळू जातात. मग कान सरावतो आणि प्रमाण भाषेत हे सांगताच आलं नसतं हे कळतं. मला विचाराल तर यादवांची वाट जास्त अवघड. तिथे लेखकाला लपायला जागाच नाही.

माझी पद्धत साधी आहे. नकार, क्रियापदं आणि 'तवर', 'म्हंजी' असे वाक्य जोडणारे शब्द बोलीतले ठेवायचे, बाकी बरंचसं सोडून द्यायचं. 'पाणी'चं 'पानी' करायची गरज नसते, वाक्याची चाल बरोबर असली की वाचणारा मनात तसंच म्हणतो. चाल तपासायला रविवारी दार लावून मोठ्याने वाचतो. रूम पार्टनरला वाटतं माझं फोनवर भांडण चाललंय.

तर संपादकांना मी एक शीट पाठवली. एका बाजूला माझं वाक्य, समोर त्यांचं, शेजारी कारण. ऑफिसात कोड रिव्ह्यूला करतो तसंच. एकोणीस जागा होत्या. वर लिहिलं, शेवटच्या पानावरचं 'न्हाई' राहणार नसेल तर कथा परत द्या. हे लिहिताना पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू? पहिलीच छापील कथा, आईने चार घरांत सांगून ठेवलेलं. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी नवं प्रूफ आलं. बारा जागा परत मिळाल्या, शेवटचं पान धरून. 'लाइट'सुद्धा. 'कसे सोडू' मात्र तसंच छापलं गेलंय, अंक हातात घेतला की अजून टोचतं.

सध्या एक कथा चालू आहे, चुलतीच्या तोंडची, पहिल्या ओळीपासून तिच्याच बोलीत. तीन पानं झालीत. ती रागावली की काय म्हणते ते पाठ आहे मला, पण लाजली की काय म्हणते? हे मी कधी ऐकलेलंच नाही. दिवाळीला गावी जाईन तेव्हा तिच्याजवळ बसावं लागेल. तोवर तुमच्या घरी 'नाही' कसं म्हणतात त्याची एक व्हॉइस नोट पाठवा. आजीला बोलायला लावलंत तर फारच बरं.