उत्तर सापडत नाही, म्हणजे उत्तरच नाही?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



मी डिप्लोमा झालेला रेल्वेतला इंजिनीअर. गणित हा माझा पेशा नाही, आवड आहे. आज संगणकाने घेतलेल्या एका शोधाची हकिकत सांगणार आहे. घाबरू नका, शाळेतला 'घन' आठवत असला की पुरे.

प्रश्न साधा आहे. एखादी पूर्ण संख्या तीन घनांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? ऋण संख्याही चालतील. २९ सोपी आहे : ३ चा घन २७, अधिक १, अधिक १. २० साठी २७ मधून ८ वजा करा आणि १ मिळवा.

आता ३१ किंवा ३२ घ्या. कितीही डोके खाजवा, जमणार नाही. कारण असे की, कोणत्याही घनाला ९ ने भागले तर बाकी ०, १ किंवा ८ च उरते. ८ म्हणजे एक कमी नऊ, म्हणजे उणे १ च समजा. ०, १ आणि उणे १ यांतले कोणतेही तीन मिळवून ४ किंवा ५ बाकी येत नाही. म्हणून ४, ५, १३, १४, २२, २३, ३१, ३२ अशा संख्या कायमच्या बाद. इथे संगणक लावायचीच गरज नाही. 'उत्तर नाही' हे सिद्ध झाले.

पण बाकीच्या संख्यांचे काय? ३० चे उत्तर मिळायला १९९९ साल उजाडले आणि त्यातल्या दोन संख्या चक्क दहा आकडी निघाल्या. २०१६ मध्ये ७४ चे उत्तर मिळाल्यावर शंभराच्या आत दोनच संख्या उरल्या, ३३ आणि ४२. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाचे अँड्र्यू बुकर यांनी २०१९ च्या आरंभी ३३ सोडवली. पुढे त्यांनी अमेरिकेतील एमआयटीचे अँड्र्यू सदरलँड यांच्याबरोबर ४२ हाती घेतली. घरोघरच्या संगणकांचा रिकामा वेळ एकत्र जोडून दहा लाखांहून अधिक संगणक-तास खर्ची पडले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये उत्तर जाहीर झाले. त्या तीन संख्या अशा :

उणे ८०५३८७३८८१२०७५९७४
८०४३५७५८१४५८१७५१५
१२६०२१२३२९७३३५६३१

यांचे घन पन्नास आकड्यांच्या घरातले. ते एकमेकांना खात जातात आणि शेवटी उरतात फक्त ४२! बालमित्रांनो, एककाचा अंक तुम्हीच तपासा. ४ चा घन ४ ने संपतो, ५ चा ५ ने, १ चा १ ने. ५ अधिक १ उणे ४, झाले २. पूर्ण पडताळा मात्र साध्या कॅल्क्युलेटरवर होणार नाही, त्याच्या पडद्यावर एवढे आकडे मावतच नाहीत.

काहींना वाटेल, यात काय मोठे? मशीन लावले, उत्तर आले. तसे नाही. सोळा आकडी संख्यांच्या सगळ्या जोड्या तपासायच्या तर एकावर बत्तीस शून्ये इतक्या जोड्या होतात. सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासल्या तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या लाखाहून अधिक पट काळ लागेल. इथे शाळेतले सूत्र कामी आले. दोन घनांच्या बेरजेला त्या दोन संख्यांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो. म्हणून आधी ती बेरीज धरायची आणि ४२ मधून तिसरा घन वजा केल्यावर तिने नि:शेष भाग जाईल अशीच तिसरी संख्या घ्यायची. उरलेल्या दोन संख्या वर्गसमीकरणाने मिळतात किंवा मिळत नाहीत. अशा रीतीने बहुतेक सारे काम करण्याआधीच वगळले जाते. मशीनने कष्ट केले, पण वाट माणसाने दाखवली.

हा धडा आपल्याकडे जुना आहे. एका वर्गाची ६१ पट करून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या शोधायची आहे. सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० आहे. एकापासून सुरुवात करून सेकंदाला एक संख्या तपासली तर सात वर्षांहून अधिक काळ लागेल. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणित' ग्रंथात ते चक्रवाल पद्धतीने थोड्या पायऱ्यांत काढले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. पुढे १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने हेच ६१ चे कोडे युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकले.

आता मूळ मुद्दा. ऑयलरसारख्या महान गणितज्ञाने अठराव्या शतकात म्हटले होते की, चार पाचव्या घातांची बेरीज पाचवा घात होणार नाही. सुमारे दोनशे वर्षे कुणाला उदाहरण सापडले नाही. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांनी सीडीसी ६६०० या संगणकावर ते शोधले : २७, ८४, ११० आणि १३३ यांच्या पाचव्या घातांची बेरीज म्हणजे १४४ चा पाचवा घात. संख्या किती लहान! तरीही दोन शतके दडून राहिल्या.

आमच्या खात्यात रुळांची तपासणी होते तेव्हा 'दोष नाही' एवढे लिहून भागत नाही. कुठपासून कुठपर्यंत तपासले याची नोंद लागते. गणितातही तसेच आहे. 'इथवर शोधले, मिळाले नाही' हे एक विधान आणि 'नाहीच' हे दुसरे. दुसऱ्याला पुरावा लागतो, जसा ३१ बाबत आपण पाहिला. शिवाय १९७० मध्ये रशियाच्या मात्यासेविच यांनी दाखवून दिले की, अशा कोणत्याही समीकरणाला पूर्णांकी उत्तर आहे की नाही हे ठरवणारी एकच सर्वसामान्य रीत असूच शकत नाही. म्हणजे शोध कधी थांबवावा, हे सांगणारा सिग्नल प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. बुकर आणि सदरलँड यांचा २०२१ चा शोधनिबंध आला तेव्हा हजाराच्या आत सात संख्या अनुत्तरित होत्या. त्यांतली सर्वांत लहान ११४.

पालकांना एवढीच विनंती. मुलाचे गणित सुटले नाही तर 'तुला येणार नाही' असे म्हणू नका. त्याने कुठवर शोधले आणि कोणत्या वाटेने शोधले, ते विचारा. कदाचित वाट बदलली की उत्तर हाती लागेल.