पाठशाळेत प्रश्नाचे स्थान
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्या पाठशाळेत सूत्रपाठ उत्तम होतो, याविषयी दुमत नाही. तथापि दहावीनंतर मुले येईनाशी होतात आणि पुण्या-मुंबईस शिकावयास गेल्यावर सोबत्यांनी धर्माविषयी काही विचारले की निरुत्तर होतात. पाठांतर असते, विचार केलेला नसतो.

स्वाध्यायाच्या पाच प्रकारांत वाचनेनंतर लगेच पृच्छना येते. भगवतीसूत्र तर प्रश्नोत्तररूपच आहे. परंपरेने त्यातील प्रश्न ३६,००० मानले जातात व बहुतेक गौतमस्वामींचे आहेत. कौशांबीच्या जयंती श्राविकेने विचारले, निजणे चांगले की जागणे? भगवंतांनी एका शब्दात निकाल दिला नाही. अधर्मी जीवांचे निजणे बरे, धर्मिष्ठांचे जागणे बरे, असा विवेक करून सांगितला.

ग्रीसमधील सॉक्रेटिस शिकविताना स्वतःच प्रश्न विचारीत असे. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात तो एका गुलाम मुलास दोन फूट बाजूच्या चौरसाची दुप्पट करावयास सांगतो. मुलगा म्हणतो, बाजू चार फूट घ्यावी. हा प्रयोग मी रविवारच्या वर्गात मांजरपाटावर केला. चार फुटी चौरस अंथरून त्यावर दोन फुटी ठेवला. ‘असे किती बसतील?’ ‘चार.’ ‘मग दुप्पट झाली का?’ वर्ग गप्प. अखेर एका मुलीने मोठ्या कापडाची चारही टोके मध्यावर दुमडली. बरोबर आठ चौरस फूट! मी काहीच सांगितले नव्हते. (कापडही वाया गेले नाही, हे व्यापारी म्हणून नमूद करतो.)

खरी कसोटी धर्माच्या वर्गात. चातुर्मासात एका मुलाने विचारले, ‘पाणी उकळताना जीव मरत नाहीत का?’ याच प्रश्नासाठी त्यास अन्यत्र दटावले गेले होते. मी विचारले, ‘कच्च्या पाण्यात दिवसभर काय चालते?’ जीव उपजतात, मरतात, असे मुलांनीच सांगितले. मग उकळलेले पाणी किती काळ अचित्त राहते, यावर चर्चा झाली. शेवटी तोच मुलगा म्हणाला, ‘म्हणजे हिंसा होतेच, पण थोडी. मग लागेल तेवढेच उकळावे.’ त्याच्या घरी आता पाणी मोजून उकळतात.

भगिनींनो, उत्तर तयार ठेवून प्रश्नाचे सोंग केले तर मुले तत्काळ ओळखतात. उत्तर येत नसल्यास ‘महाराजसाहेबांना विचारू’ असे म्हणण्यात कमीपणा नाही.

विश्वस्त मंडळास एक विनंती आहे. वार्षिक परीक्षेत मुलाने स्वतः विचारलेल्या एका प्रश्नासही गुण ठेवावेत. बक्षिसाचे कापड माझ्याकडून.